सबीकाने खाली ठेवलेली कॉफी

मालक, तुम्ही खोटं बोललात. चौदा वर्षांपूर्वी, भरल्या बैठकीत, वीस माणसांच्या देखत एक शब्द दिलात आणि सभागृहात जाऊन तो गिळून टाकलात. तुमचं नाव मी घेणार नाही. घेतलं तर तुमचेच लोक म्हणतील, बघा, घरातली भांडीसुद्धा फितली! पण मी कुणाशी बोलतेय ते तुम्हाला पक्कं ठाऊक आहे.

मित्रांनो, तुम्ही दचकू नका. मी एक जुनी दल्ला आहे. लांब वाकड्या चोचीची, पोटात कल्हई केलेली, कॉफी वाढायची पितळी किटली. साठ वर्षांपूर्वी कुवेतच्या तांबट बाजारात एका म्हाताऱ्या कारागिराने मला ठोकून ठोकून घडवलं. चोच त्याने तीनदा जोडली. दोनदा ती वाकडी बसली, आणि दोन्ही वेळा त्याने मलाच शिव्या दिल्या. तेव्हाच मला कळलं, की चूक हातोडीवाल्याची असली तरी बोलणी भांड्यालाच बसतात.

नोखदा खलफ यांनी मला घरी आणलं. नोखदा म्हणजे गलबताचा कप्तान. ते खजूर भरून हिंदुस्थानकडे निघाले, की आठ-आठ महिने घरी नसायचे. त्यांची मुलगी सबीका तेव्हा सात वर्षांची होती. दोन वर्षांनी तिचा भाऊ जन्मला आणि त्याच बाळंतपणात आई गेली. नऊ वर्षांची पोर भावाला कडेवर घेऊन चूल फुंकायची. पाणी आणणं, दळण, आजाऱ्याचं औषधपाणी, शेजारच्या भांडणाचा निवाडा, सगळं बायकाच करत होत्या, कारण पुरुष समुद्रावर होते. तेव्हा कुणी म्हणालं नाही, की बायकांना कारभार कळत नाही. गलबतं परत आली, पुरुष दिवानियात, म्हणजे त्यांच्या बैठकीत, लोडाला टेकले आणि मग हे शहाणपण सुचलं.

मी मात्र दोन्हीकडची. स्वयंपाकघरात सबीका कॉफी भाजायची, कुटायची, वेलची टाकून उकळायची, आणि मला शंबे बैठकीत घेऊन जायचा. शंबे आमचा बलुची वाढपी, आता केस पांढरे झालेत. आत बायका काय बोलतात तेही मी ऐकलं, बाहेर पुरुष काय बोलतात तेही ऐकलं. खरं सांगू? बाहेरच्यापेक्षा आतलं बोलणं जास्त कामाचं असायचं.

भाऊ शाळेत जायला लागला. तो पाटीवर अक्षरं गिरवायचा आणि सबीका समोर बसून पिठात बोट फिरवायची. अशी ती वाचायला शिकली. तिचं लग्न झालं, तरुणपणीच ती विधवा होऊन माघारी आली आणि हेच घर सांभाळत राहिली. तो लहान भाऊ म्हणजेच माझे मालक.

मग नव्वद साली शेजारच्या देशाचं सैन्य घुसलं. मालकांना पकडायला शिपाई शोधत होते. सबीकाने त्यांना तळघरात तांदळाच्या पोत्यांमागे लपवलं, सात महिने. बाहेर जायची ती एकटी. बातम्यांची पत्रकं छापून घरोघर पोचवायची होती, आणि प्रत्येक वळणावर नाका. सबीकाने ती पत्रकं गुंडाळून माझ्या रिकाम्या पोटात कोंबली, वर झाकण लावलं आणि मला काखेत घेतलं. नाक्यावर शिपायाने अडवलं.

"काय आहे त्यात?"

"काही नाही. कल्हई लावायला नेतेय."

"युद्ध चाललंय आणि म्हातारे, तुला कल्हई सुचतेय?"

"युद्ध तुमचं, बाबा. कॉफी आमची."

शिपाई हसला आणि त्याने हात हलवला. माझं झाकण त्याने उचललं असतं तर सबीकाला त्याच वळणावर भिंतीशी उभं करून गोळी घातली असती. अशा अकरा खेपा आम्ही केल्या. माझ्या झाकणाचा खिळा तेव्हापासून ढिला आहे.

सैन्य हटलं. दिवानिया पुन्हा भरली. मालक तळघरातून वर आलेले, गालफडं बसलेली. मला हातात उंच धरून ते सगळ्यांसमोर म्हणाले, "या घराची अब्रू माझ्या ताईने राखली. आता जेव्हा मतदान होईल, तेव्हा या घरातलं पहिलं मत ताईचं. हा माझा शब्द!" लोकांच्या डोळ्यांत पाणी आलं. दाराआड उभ्या सबीकाने तोंडाला ओढणी लावली. मित्रांनो, माझ्या आयुष्यातला तो सगळ्यात मोठा मान होता. मूर्ख मी. मी त्या दिवशी चकाकत होते.

पुढच्याच वर्षी मतदान झालं, पण कायद्याने मत अजून पुरुषांनाच होतं. सबीका सकाळी तयार होऊन बसली. घरातले सगळे पुरुष गाड्यांत बसून गेले. मालक खिडकीतून म्हणाले, "पुढच्या वेळी, ताई." पुढच्या वेळी मालक स्वतःच उभे राहिले. गावभर त्यांचं चित्र लागलं. त्या चित्रात त्यांच्या हातात मी होते. ज्या बाईने मला काखेत घेऊन नाके ओलांडले, ती चित्रात नव्हती. मालक निवडून आले. मग मला बैठकीतल्या काचेच्या कपाटात ठेवलं आणि पाहुण्यांना स्टीलच्या थर्मासमधून कॉफी मिळू लागली. कपाटात ठेवणं हा मान असतो म्हणतात. सबीकाला पण ते तसंच म्हणायचे. "आमच्या बायका म्हणजे रत्नं, जपून ठेवायची!" मी कपाटात राहिलेय. ते जपणं काय असतं ते मला विचारा.

दरवर्षी फेब्रुवारीत मतदारांची नवी नावं लिहून घेतात. सबीका दरवर्षी जायची. तिथला कारकून तिला ओळखायला लागला होता.

"आजी, आलीस परत? यादी पुरुषांची आहे गं."

"मग तसं लिहून दे. सबीका बिन्त खलफ हिला परत पाठवलं, कारण ती पुरुष नाही. खाली सही कर."

"असं कसं लिहून देऊ? नोकरी जाईल माझी."

"बोलायला लाज वाटत नाही, लिहायला वाटते होय?"

घरी येऊन ती हे शंबेला हसत हसत सांगायची. शंबे हसायचा नाही.

नव्व्याण्णव साली सभागृहात बायकांच्या मताचा कायदा आला. एकेकाचं नाव पुकारत होते आणि ज्याने त्याने उभं राहून हो किंवा नाही म्हणायचं होतं. रेडिओ आतल्या खोलीत मोठ्याने लावला होता, मला कपाटातही ऐकू येत होतं. मालकांचं नाव आलं.

"नाही."

दोन मतांनी कायदा पडला. सबीकाने रेडिओ बंद केला नाही, शेवटचं नाव होईपर्यंत ऐकला. संध्याकाळी मालक आले तेव्हा ती बैठकीच्या आतल्या दारात उभी होती.

"ताई, तुला नाही कळायचं. मोहल्ल्यातले लोक चिडले असते."

"कुठले लोक?"

"मत देणारे."

"म्हणजे ज्यांच्या हातात मत आहे त्यांना तू घाबरतोस."

"राजकारण असंच असतं."

"म्हणूनच तर मला ते पाहिजे, बाळा."

सहा वर्षं गेली. सबीका सदुसष्टची झाली, गुडघे गेले, एका डोळ्यात मोतीबिंदू आला. बायका सभागृहासमोर निळे सदरे घालून उन्हात उभ्या राहू लागल्या, त्यांच्यात तीही खुर्ची घेऊन बसायची. आणि आता कायदा पुन्हा आला आहे. उद्या सकाळी सभागृहात मतदान आहे. तिला पुढच्या संधीपर्यंत थांबायला वेळ नाही, हे तिलाही कळतं आणि मालकांनाही.

म्हणून आज असरच्या, म्हणजे तिसऱ्या प्रहराच्या, नमाजानंतर मालकांनी बैठक बोलावली. मतदारांना दाखवायला जुना थाट हवा, म्हणून मला कपाटातून काढलं. सबीकाने लिंबू आणि राख लावून मला घासलं, स्वतः कॉफी केली, माझ्यात ओतली. शंबे मला घेऊन बैठकीत आला. आणि मग काय झालं, ते ऐका.

रस्त्याकडचं दार उघडलं आणि सबीका आत आली! आतल्या दाराने नव्हे. स्वयंपाकघरातून बाहेर पडून, सगळ्या घराला वळसा घालून, काठी टेकत ती पाहुण्यांच्या दाराने आली. पुरुषांच्या चपलांच्या रांगेत तिने आपल्या चपला काढल्या. "सलाम अलैकुम," म्हणाली.

सगळ्यांच्या माना मालकांकडे वळल्या. मग जाडजूड अबू मिशाल, समोरच्या गल्लीतले, म्हणाले, "आजी दार चुकली वाटतं."

"सदुसष्ट वर्षं चुकत होते, अबू मिशाल. आज बरोबर आले. सरक जरा."

ते सरकले. सबीका बसली.

मालक दबक्या आवाजात म्हणाले, "ताई, आत जा. लोक बसलेत."

"मीही बसायलाच आलेय."

शंबेने मालकांकडे पाहिलं, मग तिच्याकडे पाहिलं. जो बसला त्याला कॉफी मिळते, हा आमचा कायदा सभागृहापेक्षा जुना आहे. त्याने फिंजानात, म्हणजे बिनदांड्याच्या छोट्या कपात, घोटभर कॉफी ओतली. सबीकाने ती उजव्या हाताने घेतली आणि न पिता समोर गालिच्यावर ठेवून दिली.

मित्रांनो, आमच्याकडे पाहुण्याने कॉफी अशी खाली ठेवली, तर त्याचा अर्थ एकच. माझं एक मागणं आहे, ते पुरं झाल्याशिवाय मी तुझ्या घरचा घोट घेणार नाही. मग यजमानाने म्हणायचं असतं, "प्या, तुमचं काम झालं." किंवा सरळ नाही म्हणायचं आणि गावभर त्याची चर्चा सोसायची. एकदा एका खलाशाने अशीच कॉफी ठेवली होती. त्याची आई आजारी होती, तिला बहारीनच्या दवाखान्यात न्यायला गलबत हवं होतं. नोखदा खलफ यांनी मागणं ऐकून संपायच्या आत म्हटलं, "पी बाबा, गलबत निघालंच समज." आणि मालक परवापर्यंत छाती फुगवून सांगत होते, की माझ्या वडिलांच्या बैठकीतून कुणी भरला फिंजान मागे ठेवून उठलेलं नाही.

"ताई, हा रिवाज पाहुण्यांसाठी आहे," मालक म्हणाले. "तू घरातली आहेस."

"घरातली ना? मग सांग, या घराची मतं किती?"

"अकरा."

"त्यात माझं धरलंस?"

मालकांनी शेजारचा लोड सरळ केला.

"धरलं नाहीस. म्हणजे मत मोजताना मी घरातली नाही. मग मी पाहुणी आहे, आणि माझी कॉफी खाली ठेवलेली आहे. घरातली असेन तर मत दे, पाहुणी असेन तर जबाब दे. उद्या तुझं नाव पुकारतील तेव्हा तू 'हो' म्हणायचं. एवढंच मागणं आहे."

अबू मिशाल गदागदा हसले. "सापडलास रे! देवा, माझ्या बायकोच्या कानावर हे जाऊ नये. उद्या तीही फिंजान खाली ठेवायची." मग त्यांचं हसू ओसरलं. ते मालकांकडे वळून म्हणाले, "पण बोल बाबा. बाई थांबलीय."

मालक म्हणाले, "विचार करतो."

विचार! तळघरात पोत्यांमागे बसला होतात तेव्हा तिने विचार करते म्हटलं असतं तर, मालक? शिपाई दारात उभे होते आणि तिने तुमच्या अंगावर पोती लोटायला एका श्वासाएवढाही वेळ घेतला नाही.

"गेली चौदा वर्षं तू विचारच करतोयस," सबीका म्हणाली. आवाज चढला नाही तिचा. "मी बसलेय. कर."

तेव्हा मालक उठले. शंबेला म्हणाले, "तो फिंजान उचल." आणि आपल्या खोलीत निघून गेले.

शंबेने चाळीस वर्षांत मालकांचा एकही शब्द मोडला नव्हता. तो जागचा हलला नाही. "खाली ठेवलेली कॉफी वाढपी उचलत नसतो," एवढंच म्हणाला आणि मला छातीशी धरून सबीकाच्या शेजारी उभा राहिला. पाहुण्यांतला एकही उठला नाही. उठायचं तरी कुठल्या तोंडाने?

मित्रांनो, माझ्यासारख्या वस्तू शेवटी सांगतात, की आम्हाला जपा, घासा, पुसा. मला ते नको. मला हवं तर पुन्हा काळी पडू द्या. पण जिच्या हातची कॉफी पिऊन तुम्ही मोठे झालात, तिला फक्त "रत्न" म्हणून कपाटात बंद करू नका, ती काय मागतेय ते ऐका.

आणि मालक, खोलीचं दार लावून बसलात, तरी माझा आवाज तुमच्यापर्यंत पोचतो. कॉफी निवली आहे. तुमची बहीण अजून बसली आहे, गुडघे दुखत असतानाही जमिनीवर. तुमच्या वडिलांची बैठक आहे, गल्लीतली माणसं साक्षीला आहेत, आणि सभागृहात तुमचं नाव पुकारायला आता एक रात्र मध्ये आहे. मला विचार नको, पुढची वेळ नको, तुमचे मतदार काय म्हणतील तेही नको. बाहेर या, तिच्यासमोर बसा आणि तिच्या डोळ्यांत बघून सांगा. हो, की नाही?