अस्तर वळचणीपासून

छपराचं काम संपेपर्यंत मी मुलीकडे जाऊन राहावं, असं घरात ठरलं. ठरवताना मला कोणी विचारलं नाही, म्हणून मीही जायचं नाही असं ठरवलं. तीस वर्षं लोकांच्या घरांवर पत्रे चढवले. आता माझ्याच डोक्यावरचं छप्पर बदलणार आणि मी पाहुण्यासारखा दुसरीकडे चहा पीत बसू? जुने पत्रे उतरले, कुजक्या फळ्या जाऊन नव्या लागल्या, तरी माझी खाट होती तिथेच होती.

दोन वर्षांपूर्वी एका छपरावरून पडलो, तेव्हापासून कमरेखालचं शरीर नावापुरतं उरलंय. घरातल्यांचा समज असा, की त्याच्याबरोबर डोकंही गेलं. मी काही बोललो की मुलगा सुनेकडे बघतो आणि सून गोळ्यांच्या डबीकडे.

पण कान शाबूत आहेत. त्या सकाळी फळ्यांवर अस्तराची गुंडाळी आपटल्याचा आवाज झाला. अस्तर म्हणजे फळ्या आणि पत्रा यांच्यामधलं, पाणी न शोषणारं जाड कापड. पत्र्याला खालून घाम सुटतो, तो या कापडावरून ओघळून बाहेर जातो. ते चुकलं तर फळ्या आतून कुजत राहतात आणि पत्रा वरून नवरदेवासारखा चकाकत असतो.

गुंडाळी आढ्यापाशी आपटली, छपराच्या अगदी माथ्यावर. पिना ठोकायची स्टेपलगनही तिथेच सुरू झाली. टक टक टक, अस्तराच्या पहिल्या पट्ट्याची वरची कड. टक टक टक, खालची कड. मग पावलं खाली सरकली आणि दुसरा पट्टा सुरू झाला. माझं डोकंच फिरलं. अस्तर छपराच्या खालच्या कडेपासून, वळचणीपासून, टाकत वर जायचं असतं. म्हणजे वरचा पट्टा खालच्यावर चढतो आणि पाणी त्याच्यावरून निघून जातं. हा पठ्ठ्या वरून खाली उतरत होता. प्रत्येक सांध्याशी पाणी थेट अस्तराच्या पोटात शिरणार होतं.

मी मुलाला हाक मारली. "अस्तर उलटं लागतंय. थांबव त्याला."

"बाबा, तुम्ही इथून काय बघितलंत?"

"बघितलं नाही. ऐकलं."

त्याने सुनेकडे बघितलं. सुनेने डबीकडे.

मग मी घर डोक्यावर घेतलं, तेव्हा पत्रेवाला स्वतः खाली आला. चाळिशीचा, कमरेला हत्यारांचा पट्टा, बोलायला गोड. "काका, दुपारी वर पत्रा बसणारच आहे. मग आतलं कोण बघतंय?"

"मी. मी आतच राहतो."

तो हसला. मुलगाही ओशाळल्यासारखा हसला. बापाची लाज वाटल्याचं हसू होतं ते, आणि मला ते फार लागलं.

"ठीक आहे," मी म्हणालो. "एक जग पाणी घ्या आणि आढ्यापाशी ओता. आत थेंब आला नाही, तर उद्या सकाळी मी मुकाट्याने मुलीकडे जातो. कायमचा. पुन्हा या घराचं नाव काढणार नाही."

'कायमचा' हा शब्द मुलाच्या मनात आधीपासून होता, हे त्याच्या चेहऱ्यावरच दिसलं.

"उगाच खोळंबा होईल," पत्रेवाला म्हणाला.

सुनेने स्वयंपाकघरातून भरलेला जग आणला. लग्न होऊन आल्यापासून सात वर्षांत तिने कधी माझी बाजू घेतली नव्हती. "कायमचं जातो म्हणताहेत," ती म्हणाली, "मग एवढं पाणी ओतायला काय हरकत आहे? मीच जाते."

ती जन्मात कधी शिडी चढली नव्हती. पत्रेवाला शिडी धरायला बाहेर गेला. मला तिची सावध पावलं डोक्यावर ऐकू आली, मग पाणी ओतल्याचा आवाज.

मी फळ्यांकडे बघत राहिलो. काही नाही. मुलगाही वर बघत होता. मी घाबरलो, खोटं कशाला सांगू. माझे कानही गेले असतील का, हा विचार तेव्हा पहिल्यांदा मनात आला.

मग दोन फळ्यांच्या फटीत काहीतरी चमकलं, फुगलं आणि टपकन माझ्या कपाळावर पडलं. मागोमाग दुसरा थेंब आला, तिसरा आला. मुलगा बादली आणायला धावला.

"बादली नको," मी म्हणालो. "पडू दे."

पत्रेवाला दारात येऊन उभा राहिला. त्याने वर बघितलं, मग माझ्या कपाळाकडे, आणि कमरेच्या पट्ट्यातून पक्कड काढली. ठोकलेल्या सगळ्या पिना आता त्यालाच उपटायच्या होत्या.

मुलाने टॉवेल आणला. मी त्याचा हात बाजूला सारला. ते ओलं कपाळ त्याला नीट दिसायला हवं होतं.

"बाबा, त्यांना कुठून सुरू करायला सांगू?" त्याने विचारलं. दोन वर्षांत त्याने माझा सल्ला विचारण्याची ही पहिलीच वेळ.

"वळचणीपासून."

त्याने मान हलवली. मग वाकून खाटेचा पाय धरला. "जरा बाजूला घेतो. अजून ठिबकतंय."

"हात काढ," मी म्हणालो. "खाट हलणार नाही."