मोटरा बंद ठेवलेले तीन दिवस

मी टेप बोलतेय. शिंप्याच्या गळ्यात असते ती नव्हे. मी विहिरीतल्या पाण्याची खोली मोजणारी, तीस मीटर लांब, टोकाला पितळी वजन बांधलेली. स्वभावानं जरा कडकच आहे. माझ्याशी लाडीगोडी चालत नाही.

कारखान्यातून मी वर्ध्याला आले आणि एका प्रशिक्षणात आनंदाबाईंच्या हाती पडले. गावच्या पाण्याच्या नोंदी ठेवायला कुणी तयार होईना, तेव्हा सातवी शिकलेल्या या बाई उठल्या. त्यांनी मला घरी नेऊन दाराआडच्या खिळ्याला टांगलं. वर्षातून चार वेळा त्या मला नत्थूजींच्या विहिरीत सोडतात. मापासाठी ठरलेली विहीर तीच. वजन पाण्याला टेकलं की काठाशी माझ्यावर बोट धरायचं, आकडा वाचायचा आणि वहीत लिहायचा. दरवर्षी तो थोडा वाढत होता, म्हणजे पाणी थोडं खाली जात होतं.

पूर्वी इथे आठ-आठ दिवस झड लागायची, असं आनंदाबाई सांगतात. बारीक पाऊस, जमिनीला सावकाश पिता येईल असा. मी पाहिलेला पाऊस मात्र दोन तासांत शेत धुऊन नाल्यानं धाम नदीला जातो, आणि मग पंधरा दिवस कडक ऊन. विहिरीभोवती मी आले तेव्हा पाच बोअर होते, आता सतरा आहेत. वरून मुरणं कमी आणि खालून ओढणं जास्त, यात न समजण्यासारखं काय आहे? माणसांना समजतं, पण समजून घ्यायचं नसतं.

मग कुणीतरी बातमी आणली की, पाणी फार खोल दिसलं तर नव्या बोअरवर बंदी येणार. तेव्हापासून मापाच्या आधी तीन दिवस आजूबाजूच्या सगळ्या मोटरा बंद राहू लागल्या. पाणी तेवढ्यापुरतं वर यायचं.

“नत्थूभाऊ, हे बरं नाई,” आनंदाबाई म्हणाल्या.

“तीन दिवसांनं कोनाचं का बिघडते, बाई? इहीर आटत चालली, अन् नव्या बोअरवर बंदी आली तं चना कायनं भिजवू मी?”

त्या सतरांत आनंदाबाईंच्या मुलाचा, निकेशचाही बोअर होता. त्यांनी मला विहिरीत सोडलं. मी आकडा दाखवला. त्या दिवसापुरता तो खरा होता, तरी मला लाज वाटली आणि सगळ्यांचा रागही आला.

असं तीन वर्षं चाललं. यंदा एप्रिलातच हातपंप कोरडा पडला. खालच्या वस्तीतल्या बायका दीड किलोमीटरवरून डोक्यावर पाण्याचे गुंड, म्हणजे हंडे, आणू लागल्या. निकेशची बायको अंजू, सातवा महिना लागलेली, वाटेत चक्कर येऊन पडली. जीव वाचला, पण सगळं गाव घाबरलं. गावानं टँकर मागितला. तहसीलचे साहेब आले, कागद चाळले.

“ताई, नोंदीत तर पाणी वर दिसतंय. मार्चचा आकडाही चांगला आहे. टंचाईच्या यादीत कसं घेऊ?”

अक्षर आनंदाबाईंचंच होतं. सारे आपापल्या चपलांकडे बघत उभे राहिले. नत्थूजीसुद्धा.

मे महिन्याच्या मापाला आम्ही निघालो, तर मोटरांचा आवाज दुरूनच ऐकू आला. काठावर नत्थूजी वाट बघत होते. “चालू राहू द्या,” ते म्हणाले. “जे हाय तेच लिवा.”

मी उतरत गेले. तळाच्या चिखलावर वीतभर पाणी होतं. आनंदाबाईंनी आकडा वाचला. नत्थूजींनी वही मागून घेतली आणि आकडा स्वतःच्या हातानं लिहिला. मग ते शेतात गेले आणि त्यांनी आपली मोटर बंद केली. त्यांच्या भुईमुगाला अजून दोन पाळ्या पाणी द्यायचं राहिलं होतं.

“अंजूले सांगा,” ते म्हणाले, “उद्यापासून पान्याले दूर जाऊ नको म्हना. इथंच ये.”

दोघा-तिघांनी त्यांचं पाहून मोटरा थांबवल्या. बाकीच्या अजून चालूच आहेत. भुईमूग वाळला. विहिरीत रोज सकाळपर्यंत वीस-पंचवीस गुंड पाणी साठतं.

खरा आकडा सांगितला म्हणून पाणी वर येत नाही, हे मला ठाऊक आहे. तरी एक मागणं आहे. तुमच्या गावातही माझी एखादी बहीण असेल. तिला विहिरीत सोडाल त्या दिवशी मोटरा चालू ठेवा. तिचं ऐकून घ्या, आणि मग बंद करा.