कोणती चिमणी वाचली?

मी एक जुनी चिमणी आहे. मित्रांनो, लगेच झाडाकडे बघू नका. मला पंख नाहीत, चोच नाही, आणि जन्मापासून मी जागची हललेली नाही. मी कारखान्याची चिमणी, धूर सोडणारी. त्या इवल्याशा पाखराला आणि माझ्यासारख्या विटांच्या धिप्पाड बाईला आपल्या भाषेत एकच नाव का दिलं, हे कोडं मला अजून सुटलेलं नाही. पण त्या नावामुळेच मी आज तुमच्याशी बोलते आहे.

रत्नागिरीहून येताना पालीच्या अलीकडे, रस्त्याच्या खालच्या अंगाला ओढ्याकाठी आमचा कौलांचा कारखाना होता. चिकणमाती मळायची, साच्यात दाबायची, सावलीत वाळवायची आणि भट्टीत भाजायची. राखाडी माती आत जायची आणि लालबुंद कौल होऊन बाहेर यायची. भट्टीचा धूर माझ्या पोटातून वर चढायचा. मीही भाजल्या मातीच्या विटांची, म्हणून लालच. माझा धूर दिसला की आसपासच्या वाड्यांतल्या बायका डोक्यावर चुंबळ ठेवून कामाला निघायच्या. त्यांत हौसा होती, नुकतं लग्न होऊन आलेली. कौलं वाहताना ती फार हसायची आणि मुकादमाची बोलणी खायची. एवढ्या पावसात लोकांची घरं कोरडी राहतात ती माझ्यामुळेच, असं मला तेव्हा वाटायचं. थोडी ऐट होतीच माझ्यात.

मग लोकांनी घरांवर पत्रे घातले, स्लॅब टाकले. भट्टी विझली. कारखान्याच्या छपरावरची आमचीच कौलं एकेक करून खाली आली, ते मला फार लागलं. माझ्या अंगावर पिंपळ रुजला. वरच्या रस्त्याने गाड्या कोल्हापूरकडे जात राहिल्या, पण मान वळवून कुणी बघत नसे. फक्त हौसा, आता म्हातारी झालेली, शेळ्या घेऊन येई आणि माझ्या पायथ्याशी पाठ टेकून बसे.

गेल्या वर्षी सावनी आली. ती रत्नागिरीची. सड्यावरचा, म्हणजे उघड्या माळावरचा, कातळ, भरलेलं आभाळ, बंद पडलेले कारखाने यांचे ती फोटो काढते, आणि तेही फक्त काळे-पांढरे. छान ऊन पडलं की ती नाराज, ढग आले की खूश. माझ्या भेगांवरून हात फिरवून ती म्हणायची, "किती सुंदर आहे ही!" मी धडधाकट होते तेव्हा मला सुंदर कुणी म्हटलं नव्हतं. भेगा पडल्यावर मी सुंदर कशी झाले? आणि सुंदर आहे तर माझा लाल रंग का काढून टाकला? मला काही कळेना.

एक फोटो तिने हौसाला भेट दिला. हौसाने तो लांब धरून पाहिला, जवळ धरून पाहिला.

"अगो बाय, ह्यो काळा कशापायी? असलं फोटू आमच्याकडं मानूस गेल्यावर भितीला लावतात. ही तर जिती हाय."

"आजी, रंग काढला की नुसता आकार उरतो. भेगा, सावल्या, सगळं नीट दिसतं."

हौसाला ते पटलं नाही. मीही गोंधळले. मी आहे, की गेले?

यज्ञेशचं मत मात्र पक्कं होतं. हा कारखाना त्याच्या आजोबांनी उभारलेला. तो सावनीला म्हणाला, "फोटो झाले ना काढून? आता मला ती पाडू दे. वरच्या विटा सुटल्या आहेत. एखादी या आजींच्या डोक्यात पडली तर?" त्याचंही खोटं नव्हतं. मला भीती वाटली, आणि रागही धड येईना.

सावनीने वर रस्त्याच्या कडेला फलक लावला: 'चिमणी वाचवा. रविवारी सकाळी इथे या.' फलकावर माझा फोटो लावायचं तिला सुचलंच नाही.

रविवारी माणसं आली. शाळेच्या कौसरबाई मुलांना घेऊन आल्या. मुलांच्या हातांत पुठ्ठ्याची घरटी, कुणाकडे पाण्यासाठी करवंट्या, कुणाकडे कण्यांची पुडी.

"चिमण्या कुठे आहेत?" कौसरबाईंनी विचारलं.

"ही काय," म्हणत सावनीने माझ्याकडे बोट दाखवलं.

सगळ्या माना वर झाल्या. मग हौसा हसायला लागली, तशीच, कौलं वाहताना हसायची तशी, आणि पाठोपाठ सगळेच हसले.

यज्ञेशही आला होता, मला कसं पाडायचं ते गवंड्याला दाखवायला. मनस्विनी नावाच्या मुलीने आपलं घरटं त्याच्याच पुढे केलं. "काका, माझा हात पोचत नाही. तुम्ही लावाल?" नाही कसं म्हणणार? माझ्या लोखंडी पट्ट्याला त्याने ते सुतळीने बांधलं. पडू नये म्हणून दुसरी गाठही मारली. मग मान वर करून माझ्या सुटलेल्या विटा पाहिल्या.

"वरचा सैल भाग तेवढा उतरवला तर?" त्याने गवंड्याला विचारलं.

"तर ऱ्हाईल की उभी. खालचं काम घट हाय."

अशी मी वाचले, थोडी बुटकी होऊन. पुठ्ठ्याच्या घरट्यांकडे पाखरांनी ढुंकूनही पाहिलं नाही. निखळलेल्या विटांच्या खोबणींत मात्र त्यांनी संसार थाटले. आता तो फलक खरा कुणासाठी होता, मला सांगता येणार नाही.

परवा हौसा तो फोटो घेऊन आली. फुटक्या कौलाचा तुकडा दगडावर घासून, ओल्या बोटाने ती लाल पूड तिने फोटोतल्या माझ्या अंगावर फासली होती. सावनीने ते पाहिलं. तिने फोटो हातात घेतला, आणि बोटाला लागलेली लाल पूड पुसली नाही.

मित्रांनो, जुन्या वस्तूंचे फोटो जरूर काढा. पण एखादी वीट सैल दिसली तर ती बसवायलाही कुणाला तरी सांगा. माझं म्हणाल, तर मी आहे की गेले, याचा माझा गोंधळ अजून पुरता मिटलेला नाही. पण हौसाने तो फोटो घरी भिंतीला लावला आहे, आणि त्याला हार घातलेला नाही.