गणपतचं मत आणि कश्मिराताईंचं ‘नको’

मी एक जुना टोप आहे. जर्मनचा, म्हणजे अ‍ॅल्युमिनियमचा, दोन कड्यांचा, बुडाशी एका बाजूनं चेपलेला. बहरीनमधल्या एका लहानशा मराठी मंडळाच्या स्वयंपाकघरात मी राहतो. माझ्या आयुष्यात सांगण्यासारखं काही आहे की नाही, याची मलाच शंका वाटते. तरी मित्रांनो, थोडं ऐकून घ्या.

कोल्हापूरकडच्या एका कारखान्यात पत्र्याची चकती साच्यावर दाबली, कडा वळवल्या, कड्या ठोकल्या आणि मी झालो. मंडळाचा स्वयंपाक करणाऱ्या गंगूबाईंनी मला गोधडीत गुंडाळून विमानानं इथं आणलं. त्यांचा मसालेभात माझ्यात शिजायचा. पंगत उठताना लोक म्हणायचे, "भात काय झालाय!" त्यातलं थोडं कौतुक मी गुपचूप आपलं समजायचो.

मला उचलून पंगतीत न्यायचं काम गणपतचं. गणपत देवगडकडचा. मआमीरच्या कामगार वस्तीत खोलीवर राहतो आणि एका गोदामात फोर्कलिफ्ट चालवतो. गणपतीला गावी जायला त्याला रजा मिळत नाही. मंडळाच्या पंगतीत आपल्या माणसांत बसून जेवायचं, एवढाच त्याचा सण.

पण गेल्या वर्षी गणपतीचं ते जेवण लांब झल्लाकच्या एका हॉटेलात झालं. समोर समुद्र होता म्हणे. गणपतला तिथं पोचायला वाहन मिळालं नाही. तो खोलीवर एकटाच डाळभात जेवला, आणि मी ओट्याखाली धूळ खात पडून राहिलो.

म्हणून यंदा मंडळाच्या अध्यक्षाची निवडणूक त्यानं फार मनावर घेतली. उभे होते दोघं, बँकेतले गुरुप्रसाद आणि इंजिनियर कश्मिराताई. दोघंही म्हणत, "सगळ्यांना बरोबर घेऊन चालू." मग निवडायचं कसं? गणपत बारीकसारीक बघू लागला. गुरुप्रसाद चपला दाराबाहेर जोडीनं ठेवतात, म्हणजे घरचं वळण चांगलं. कश्मिराताई बोलता बोलता घड्याळ बघतात, म्हणजे गर्विष्ठ. मला हसू यायचं. पण मी तरी कुठला मोठा पारखी!

मतदान शुक्रवारी, सुट्टीच्या दिवशी होतं आणि त्याआधी मंडळाच्या हॉलमध्ये पंगत. गणपत भात वाढत होता. गुरुप्रसादांनी पुन्हा पुन्हा मागून घेतला, वर बोटं चाटली. "गणपतराव, मला विसरू नका हां!" गणपत खूश. पुढच्या ताटाशी कश्मिराताई होत्या. त्यानं डाव पुढं करताच त्यांनी ताटावर हात आडवा धरला.

"नको, काका."

"घासभर तरी घेवा, ताई."

"नको. खरंच नको."

गणपतचा चेहरा उतरला. आत येऊन त्यानं मला ओट्यावर आदळलं. "माझ्या हातचा भात नको तिका! माझा मत गुरुप्रसादांका. खलास!"

गंगूबाई म्हणाल्या, "अरे शहाण्या, भात मी केलाय, तू नुसता वाढलास. रुसायचं तर मी रुसेन! आणि तुला काय पाहिजे ते विचारलंस का कुणाला? का नुसत्या चपलाच बघत बसलास?"

मोठ्या माणसांना विचारायचं म्हणजे गणपतला फार संकोच वाटतो. शेवटी मला पोटाशी धरून, जणू घासायलाच नेतोय असं दाखवत, तो बाहेर गेला. त्याचं काळीज माझ्या पत्र्यावर धडधडत होतं.

"गणपतीचा जेवण यंदा खंय आसतला?" त्यानं गुरुप्रसादांना विचारलं.

"इंशाल्ला, एकदम झकास जागी!" त्याच्या खांद्यावर थोपटून ते पुढं गेले. इथं राहणाऱ्याला कळतं, मनापासूनचं इंशाल्ला वेगळं आणि विषय मिटवायचं वेगळं.

मग तो कश्मिराताईंकडे वळला.

"खोटं कशाला बोलू? मला झल्लाकच आवडतं," त्या म्हणाल्या. "का हो?"

"आमका थंय येवक जमणा नाय. गाडी नाय."

"आमका म्हणजे कुणाला?"

त्यानं मआमीरची माणसं सांगितली, हिद्दच्या कारखान्यांतली शिफ्टवाली सांगितली. त्यांनी घड्याळ न बघता ऐकलं.

"हे मला माहीतच नव्हतं. मग इथंच करू, शुक्रवारी. खाली बसावं लागेल पण."

"बसतलंव!" तो म्हणाला. मग चाचरत, "आणि मगाशी भात...?"

"काका, दुपारी भात खाल्ला की मला झोप येते. आता भाषण करायचंय ना मला!"

गंगूबाईंना हसू आवरेना. गणपतनं मत कश्मिराताईंना दिलं, आणि त्या निवडून आल्या.

गणपतीनंतरच्या शुक्रवारी हॉलमध्ये सतरंज्या पसरल्या. मी काठोकाठ भरलो होतो. हिद्दच्या मंडळींमध्ये मांडी घालून बसलेला गणपत फोनवर बायकोला पंगत दाखवत होता. "बघ गो, कितकी माणसां ती!"

मित्रांनो, मोठा उपदेश करण्याची माझी लायकी नाही. माणसाच्या चपला बघा, बोटं बघा, डोळे दिलेत ते बघण्यासाठीच. पण मत देण्याआधी त्याच्यासमोर उभं राहून आपलं मागणं एकदा मोठ्यानं सांगा. ऐकताना तो कसा दिसतो, ते मात्र अगदी बारकाईनं बघा.