दिवस जायच्या आधी

धुवायला आलेल्या कपड्यांचे खिसे तपासणं हे त्या लॉन्ड्रीत थोरल्या सुनेचं काम. पेनं, चाव्या, चुरगळलेले रुमाल, कुणाचं तरी अर्धं चॉकलेट. एकदा एका सभ्य गृहस्थाच्या कोटातून दातांची कवळी निघाली होती. ती न्यायला त्यांनी बायकोला पाठवलं, कारण त्यांना स्वतःला धड बोलता येत नव्हतं. विसरलेलं एक पेन मशीनभर पांढऱ्या चादरींचं वाटोळं करतं, म्हणून हे काम डोळ्यांत तेल घालून करावं लागतं. त्या घरात डोळ्यांना एवढे कष्ट द्यायला दुसरं कुणी तयार नव्हतं.

त्या सकाळी बाहेरचे कपडे संपवून तिने घरच्या कपड्यांना हात घातला आणि दिराच्या पॅन्टच्या मागच्या खिशातून गोळ्यांचं एक पाकीट निघालं. फॉलिक अ‍ॅसिडच्या गोळ्या. मागे चिकटपट्टीवर तिच्याच अक्षरात लिहिलेलं होतं, ‘रोज एक’. एकही गोळी फोडलेली नव्हती.

हे पाकीट तिने महिन्यापूर्वी धाकट्या जावेच्या हातात दिलं होतं. लग्नाला सहा महिने झालेली पोर. मूल लवकर हवंय, असं स्वतःच लाजत सांगणारी. थोरली रोज विचारायची, “घेतलीस?” आणि ती रोज म्हणायची, “हो ताई.” महिनाभर. थोरलीच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

आता राग यायला कारण होतं आणि ते साऱ्या घराला ठाऊक होतं, फक्त त्याचं नाव कुणी घेत नव्हतं. दोन वर्षांपूर्वी थोरलीला मुलगी झाली होती. तिची पाठ उघडी होती, कमरेच्या वर, कणा जुळायचा तिथे जुळलाच नव्हता. आठवडाभर जगली. मग घराने आपलं निदान केलं. बाईने ओली गाठोडी उचलली. बाईला बॉयलरची धग लागली. सांगून ऐकलं नाही. ज्यांनी ती गाठोडी तिच्यापुढे आणून टाकली होती तेच हे बोलत होते, आणि बोलताना कुणाची जीभ अडखळली नाही.

डॉक्टरीणबाई तेवढ्या वेगळं बोलल्या. “तुमच्या उचलण्याने काही झालेलं नाही. बाळाची पाठ पहिल्याच महिन्यात मिटते, तेव्हा पुष्कळदा आईला पत्ताही नसतो. ही गोळी त्याच्या आधीपासून पोटात जायला हवी, दिवस जायच्या निदान महिनाभर आधी. धोका पुरता जात नाही, पण खूप कमी होतो.”

“पण मी घेतल्या होत्या की,” थोरली म्हणाली होती.

“कधीपासून?”

“तिसऱ्या महिन्यापासून. एक दिवस चुकवला नाही.”

डॉक्टरीणबाईंनी मान खाली घातली. वरातीमागून घोडं, असं त्या म्हणाल्या नाहीत. ते थोरलीचं तिलाच कळलं. आधी सांगणारं कुणी भेटलं नाही, एवढीच तिने स्वतःची समजूत घातली आणि ठरवलं, आपल्याला कुणी सांगितलं नाही, पण आपण सांगायचं.

ती पाकीट घेऊन इस्त्रीच्या खोलीत गेली. धाकटी टेबलक्लॉथला वाफ देत होती.

“हे काय आहे?”

धाकटीने इस्त्री उभी केली आणि नजर खाली वळवली.

“तुला नको होत्या तर तोंडाने सांगायचं. रोज माझ्या तोंडावर खोटं बोलायचीस?”

“आईंनी ह्यांच्याकडे द्यायला लावल्या,” ती पुटपुटली. “म्हणाल्या, ह्या गोळ्यांनी दिवस जात नाहीत.”

“आणि?”

“आणि... ताई, मी नाही म्हटलं हं, त्याच म्हणाल्या. तिची कूस रिकामी झाली, दुसरीची भरलेली तिला कशी बघवेल.”

थोरलीला आधी हसूच आलं, कोरडं, छातीतून वर न येणारं. दोन वर्षं ती या घराचे डाग काढत होती, आणि घराने तिच्याबद्दल हे मत करून ठेवलं होतं. मग ते हसू गेलं आणि ती तरातरा पुढच्या दुकानात गेली.

सासूबाई काउंटरवर बसल्या होत्या. समोर एक गिऱ्हाईक पावती फाडून घेत होतं. थोरलीने पाकीट काउंटरवर आपटलं.

“आई, ह्या मूल न होण्याच्या गोळ्या आहेत असं तुम्ही हिला सांगितलंत?”

“हळू बोल. लोक आहेत.”

“लोकांनाही कळू दे. ह्या बाळाच्या पाठीसाठी असतात.”

“बाळ कुठाय?” सासूबाई शांतपणे म्हणाल्या. “अजून कशात काही नाही, तर औषध कसलं? दिवस जाऊ देत, तीन महिने नीट पार पडू देत, मग द्या हव्या तेवढ्या.”

“तहान लागल्यावर विहीर खणायची.”

“मी तीन मुलं काढली, एक गोळी गिळली नाही. तिघंही धट्टीकट्टी आहेत.”

“एखादा डोळे मिटून रस्ता ओलांडतो आणि वाचतो. म्हणून सगळ्यांनी डोळे मिटायचे?”

गिऱ्हाइकाची पावती केव्हाच फाडून झाली होती, पण त्याचा पाय निघेना. धाकटी आतल्या दाराशी येऊन उभी राहिली. सुनेने असं चारचौघांत बोलावं, हे सासूबाईंना लागलं आणि त्या इरेला पेटल्या.

“मला अक्कल शिकवू नकोस. तुझं लग्न झालं तेव्हा त्या सरकारी दवाखान्यातल्या नर्सबाई कोट धुवायला टाकायला आल्या होत्या, त्याही ह्याच गोळ्या देऊन गेल्या. ‘सूनबाईंना आत्तापासून द्या’ म्हणे. मी काय लगेच हुरळून गेले? गल्ल्याखालच्या खणात नीट ठेवल्या. तुला तिसरा लागला तेव्हा काढून दिल्या. एक गोळी वाया जाऊ दिली नाही.”

बोलून झाल्यावर त्यांनी गिऱ्हाइकाकडे पाहिलं, बघा, असा संसार करतात, अशा चेहऱ्याने.

थोरली काउंटरला धरून उभी राहिली. म्हणजे सांगणारं भेटलं होतं. इथेच, या फळीपर्यंत येऊन, हातात देऊन गेलं होतं. गोळ्या तिच्यापासून दहा पावलांवर खणात पडून होत्या, आणि तिकडे तिच्या पोटात, तिला नकळत, एक पाठ जुळायची राहून जात होती. त्या वेळेत मिळाल्या असत्या, तर कदाचित. कदाचित नसतंही काही झालं. या ‘कदाचित’ला कुठे मारावं, कुठे पुरावं, ते तिला कळेना, आणि त्याचाच तिला सगळ्यांत जास्त संताप आला.

“तुम्हाला तेव्हा ठाऊक नव्हतं, हे मी मानते,” ती म्हणाली. “पण दवाखान्यातून आल्यावर डॉक्टरीणबाईंचं बोलणं मी तुम्हाला शब्दन् शब्द सांगितलं होतं. तेव्हा तो खण आठवला नाही?”

सासूबाईंनी पावतीपुस्तक उचललं, सरळच होतं ते पुन्हा सरळ करून ठेवलं.

“आठवला होता,” थोरली म्हणाली. “आणि तरी दोन वर्षं तुम्ही मला गाठोड्यांवरून बोलत राहिलात.”

गिऱ्हाईक पावती खिशात घालून निघून गेलं.

“ताई,” दारातून धाकटी म्हणाली. तिचा चेहरा इस्त्रीच्या चादरीसारखा पांढरा पडला होता. “माझे चार-सहा दिवस वर गेलेत.”

थोरलीने क्षणभर डोळे मिटले. तिला त्या पोरीच्या थोबाडीत द्यावीशी वाटली आणि तिला पोटाशी धरावंसंही वाटलं. तिने दोन्ही केलं नाही. पाकिटातून एक गोळी फोडली, सासूबाईंच्या समोरचा पाण्याचा तांब्या उचलला आणि दोन्ही धाकटीपुढे धरलं.

“घे. माझ्या डोळ्यांदेखत.”

धाकटीने गिळली. “उशीर झाला का हो?”

खोटं बोलून धीर देणं सोपं होतं. या घरात सोप्या गोष्टी पुष्कळ होऊन गेल्या होत्या.

“मला नाही माहीत. अजून थोडा अवधी असेल. डॉक्टरीणबाई सांगतील. चप्पल घाल.”

“आत्ता?” सासूबाई म्हणाल्या. “कुणाला कळायच्या आतच दवाखान्यात? आणि दुकान कोण बघेल?”

थोरलीने ॲप्रन काढून त्यांच्या पुढ्यात ठेवला.

“तुम्ही बघा. खिसे तपासायचे राहिलेत, नीट तपासा,” ती म्हणाली. “आणि त्या नर्सबाई आल्या, तर जे देतील ते त्याच दिवशी माझ्या हातात द्यायचं. त्याच दिवशी.”