वैष्णवीचे मासे

मासे सांभाळायचं चतुराबाईंनी कबूल केलं, त्यात त्यांचा फायदा उघड होता. नात वैष्णवी पुण्याला शिकायला गेली होती. रोज संध्याकाळी ती आईच्या मोबाईलवर व्हिडिओ कॉल करी आणि सगळ्यात आधी टाकी बघायला मागे. टाकीपाशी आजी. नामपूरचं घर बंद करून नाशिक रोडच्या या फ्लॅटमध्ये आल्यापासून त्यांच्या पदरात पडलेली मिळकत म्हणजे एवढीच.

"आजी, गोल्डी सारखी वर का येतेय? दम लागल्यासारखं करतेय."

"दम मलाबी लागतो. मी कुठं मेले?"

वैष्णवी हसली, पण आजीला ते हसू पुरं वाटलं नाही. दुसऱ्या दिवशी बाटलीत टाकीचं पाणी घेऊन त्या सार्थकच्या माशांच्या दुकानात हजर.

सार्थकनं नळीत थेंब टाकून रंग बघितला. "अमोनिया वाढलाय. खाणं कमी करा, पाणी बदलत राहा. नळाचं थेट ओतू नका हां, त्यात क्लोरीन असतं. रात्रभर भरून ठेवलेलं घाला."

"ते मला नको शिकवू. आमच्याकडं शिळंच पाणी पित्यात."

सुनेनं, योगिनीनं, फिल्टर बसवल्यापासून चतुराबाईंचा लग्नातला हंडा बाल्कनीत तोंड पाडून बसला होता, जवळजवळ त्यांच्यासारखाच. त्यालाही काम मिळालं. रोज चिंचेनं लखलखीत घासायचा, रात्री भरायचा, सकाळी टाकीत रिता करायचा. आधी टाकीतली गोगलगाय गेली, मग पट्ट्यांचे मासे. जितके मासे मरत, तितक्या नेटानं त्या पाणी बदलत.

पुन्हा बाटली, पुन्हा दुकान.

"अमोनिया तर नाहीच आता," सार्थक चक्रावला. "आजी, पाण्यात घालता तरी काय तुम्ही?"

"काय घालू रे? तू सांगितलं तसं रातभर ठेवते. हंड्यात."

"कसला हंडा?"

"तांब्याचा! मोरीतल्या बादलीतलं पाणी कुणाच्या तोंडाला लावू का मी?"

सार्थकनं नळी खाली ठेवली. "आजी, तांबं पाण्यात उतरतं. माशांना ते विष."

"माणसाला औषध, आन् माशाला विष?"

"मीच विचारायला हवं होतं," तो पुटपुटला.

घरी आल्या, तर गोल्डी आडवी तरंगत होती.

संध्याकाळी त्यांनी आडपडदा न ठेवता सांगून टाकलं, "बाई, मीच मारले गं तुझे मासे. हंड्याचं पाणी घातलं."

वैष्णवी समजूतदारपणे म्हणाली, "जाऊ दे आजी. तुला काय माहीत? वाईट नको वाटून घेऊस." आणि थोड्या वेळानं, "आईला दे ना फोन."

पोरगी खरंच रागावली नव्हती. रागावली असती, तर भांडायला तरी रोज बोलली असती.

टाकी सार्थकनं परत नेली. योगिनीला चपलांच्या स्टँडला कोपरा मिळाला. वैष्णवीची काळजी मिटली. हंडा माळ्यावर गेला. कुणाचं काही अडलं नाही. संध्याकाळी स्वयंपाकघरात फोन वाजला, की चतुराबाई टाकीच्या जुन्या कोपऱ्याशेजारच्या खुर्चीत पदर सारखा करून, केसांवरून हात फिरवून बसतात. आतून नातीचा आवाज येतो, मग फोन ठेवल्याचा. पदर तसाच नीट राहतो.