कुंकवाखालचा तीन

इंद्रजीतमामाचं लग्न दौलताबादला झालं, ते साल दोन हजार चोवीस. मांडवात बाया नवरदेवाला हळद लावत होत्या आणि तनुजा कोपऱ्यात बसून मॅट्रिक्स सोडवत होती. लिनियर अल्जिब्राचा एकच पेपर राहिला होता. तो सुटला की पदवी, आणि पदवी दाखवली की वैजापूरच्या क्लासमध्ये शिकवायची नोकरी पक्की.

तिच्या कॉलेजात हा विषय शिकवत नसत, उतरवून घेत. निवृत्त अप्पाराव सरांच्या हातची एक वही होती. खंडेनवमीला लोक आपापली अवजारं पुजतात, गणित विभाग ती वही पुजायचा. झेंडू, हळद, कुंकू, नारळ. मग वर्षभर तिच्या झेरॉक्सवर तास चालायचे आणि परीक्षेतही वहीतलंच गणित यायचं.

डिसेंबरात आलं ते असं: चार आकड्यांचा चौकोन. वर दोन आणि एक, खाली शून्य आणि दोन. असा चौकोन बाणांना वळवतो. पण ज्यांची दिशा तो मोडत नाही असे दोन वेगवेगळ्या दिशांचे बाण सापडले, तर तो सोपा करून मांडता येतो. तसा मांडून दाखवा, दहा गुण. तनुजानं लई खटाटोप केला. दिशा एकच सापडत होती. तिनं लिहिलं, हा चौकोन असा मांडता येत नाही, आणि का ते चार ओळींत सिद्ध केलं.

बाकी पोरांनी वहीतलं उत्तर उतरवलं, दोन आणि तीन. त्यांना दहापैकी दहा. तनुजाला शून्य. पासाला चाळीस हवे होते, तिचे छत्तीस झाले.

ती विभागप्रमुख राजेंद्र सरांकडं गेली.

"सर, प्रश्नात तीन हाये कुठं?"

"उत्तरात हाये ना? झालं तर मग."

"पण सर, सोडवून पाह्यलं तर..."

"तुला सोडवायला सांगितलं कुणी? एकोणीस वर्षं पोरं पास होऊ लागलेत याच्यावर. वहीत चूक असंल तर अप्पाराव सरांनी सांगावं."

अप्पाराव सर पदमपुऱ्यात राहत. ऐंशी उलटलेली, पण डोकं शाबूत. तनुजानं नेलेली वहीच्या पानाची झेरॉक्स भिंगाखाली धरून ते हसत सुटले.

"पोरी, हा तीनच होता. ह्यांनी कुंकू लावलं नेमकं त्याच्यावर, अन् पेपर टाइप करणाऱ्यानं अंदाजानं दोन केला. तुझं बरोबर हाये."

"मग तुम्ही सांगितलं नाय का कुणाला?"

"मला बोलावतेत ते शाल द्यायला. तिथं बोलू कोण देतं? फोटो काढतेत अन् रिक्षात बसवतेत."

त्यांनी तिथंच पत्र लिहून सही केली. राजेंद्र सरांनी ते उलटंसुलटं करून पाहिलं.

"सही वहीतल्यासारखी नाय दिसत. हात थरथरलाय."

सोमवारी बैठक ठरली. अप्पाराव सरांनी जातीनं यावं, वहीसमोर सांगावं, मगच गुण.

"येतो की," सर तनुजाला फोनवर म्हणाले. "ह्या बारीला शाल नको म्हणावं."

सोमवारी बैठक झाली नाही, शोकसभा झाली. राजेंद्र सर म्हणाले, सरांच्या वहीत आता एक आकडाही बदलणार नाही, हीच खरी श्रद्धांजली. वहीला हार घातला. तनुजाचे छत्तीस ते छत्तीसच राहिले, आणि वैजापूरच्या क्लासनं दुसरी मुलगी घेतली.

अप्पाराव सर रविवारी, ९ फेब्रुवारी २०२५ रोजी, सकाळी आठ वाजता राहत्या घरी वारले.